लेकीची अकरावी : पाच एपी, ट्रॅक, रोबोटिक्स. काय सोडायचं?

पार्किंगलॉटवाली_आई

नमस्कार मंडळी. हे मी रात्री पावणेनऊला शाळेच्या पार्किंग लॉटमधे गाडीत बसून टाईप करतेय, त्यामुळे शुद्धलेखनाबद्दल आधीच माफी. न्यू जर्सीत आहोत. लेक दहावीत म्हणजे इथल्या भाषेत सोफमोर. पुढच्या वर्षीच्या कोर्स सिलेक्शनचा फॉर्म या महिन्याअखेर भरून द्यायचाय आणि घरात त्यावरून रोज काहीतरी चाललंय.

सध्याची परिस्थिती अशी. शाळा ७:२० ला सुरू, म्हणजे ती ६ ला उठते. २:०५ ला सुटते, मग विंटर ट्रॅकची प्रॅक्टिस साडेचारपर्यंत. (फॉलमधे क्रॉस कंट्री, स्प्रिंगमधे परत ट्रॅक, म्हणजे तिन्ही सीझन पळणं आहेच.) घरी येऊन आंघोळ, काहीतरी पोटात, आणि ६ ते ९ रोबोटिक्स, मंगळ बुध गुरू. शनिवारी ९ ते ५ पण रोबोटिक्स, ट्रॅकची मीट (स्पर्धा) असेल तर तिकडे. रविवारी सकाळी मराठी शाळेत लहान मुलांच्या वर्गाला मदतनीस म्हणून जाते, ते तिला आवडतं. यात अभ्यास कुठे बसतो ते तुम्हीच बघा, मला तर अजून सापडलेला नाही.

आणि आता अकरावीसाठी तिच्यापुढे पाच एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) आहेत, कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स १, यूएस हिस्टरी, इंग्लिश लँग्वेज आणि कॉम्प्युटर सायन्स ए. टीचर्सनी पाचही विषयांना रेकमेंड केलंय. नवऱ्याचं म्हणणं रेकमेंड केलंय म्हणजे झेपणार, आणि शेजारच्या मुलाने सहा घेतलेत. (त्या शेजारच्या मुलाला मी आजपर्यंत घराबाहेर बघितलेलं नाही हे वेगळं.) काउन्सेलर म्हणतात "चॅलेंज युवरसेल्फ बट बी बॅलन्स्ड". याचा अर्थ कुणाला कळला असेल तर सांगा.

मागच्या बुधवारी रात्री बारा वाजता बघितलं तर ही डायनिंग टेबलवर लॅब रिपोर्ट उघडा ठेवून बसलेली, एका हातात थंड झालेली पोळी, आणि स्क्रीनवर एकच अर्धवट वाक्य. मी म्हटलं झोप, सकाळी लिही. तर म्हणाली "आई, सकाळ कधी असते?" मला हसावं का रडावं कळेना.

विचारायचंय ते असं की कुठून कापायचं? माझ्या मते पळणं कमी करावं, निदान विंटर ट्रॅक तरी सोडावा, कारण रोबोटिक्सचा पुढे इंजिनियरिंगला उपयोग होईल. ऑलिंपिकला कुठे जायचंय. पण हे तिला सांगितलं की ती उठून खोलीत जाते. तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा. आली बघा पोरं बाहेर, नंतर वाचते.

चहाबिस्किट

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी अगदी हेच नाटक, फक्त मुलगा होता आणि ट्रॅकच्या जागी सॉकर.

आम्ही शेवटी एक केलं, त्याला काही बोललो नाही, फक्त फ्रिजवर कागद लावला आणि म्हटलं एक आठवडा जिथे जिथे वेळ गेला तिथे लिही, खोटं नको. आमचा समज होता की फोनमधे वेळ जातो. फोनमधे जात होताच, नाही कशाला म्हणू, पण सगळ्यात मोठा आकडा निघाला "वाट बघणे". बसची वाट, अवे मॅचला जेव्ही (ज्युनियर टीम) संपून वर्सिटी (मुख्य टीम) सुरू व्हायची वाट, राईडची वाट, क्लबमधे त्या एकाच मुलाचं काम होईपर्यंत बाकी नऊ जण उभे. आठवड्याला नऊ तासांच्या वर गेलं ते. आणि हा वेळ असा तुटक तुटक, वीस मिनिटं इथे पंधरा तिथे, की त्यात कॅल्क्युलस होत नाही आणि झोप पण होत नाही. बसमधे हिस्टरी वाचायचा प्रयत्न त्याने केला, घाटात गाडी लागते तसं झालं, कोचच्या बुटांवर.

मग आम्ही विषयांना हात लावायच्या आधी वाट बघण्यातली भोकं बुजवली. रोबोटिक्समधे विचारा की तिचं काम नक्की काय आहे, आणि तिन्ही दिवस ९ पर्यंत थांबायची गरज आहे का. बऱ्याचदा नसते. पण पोरं निघत नाहीत कारण आधी निघालेलं बरं दिसत नाही. हे अगदी आपल्याकडच्या ऑफिससारखं, साहेब बसलाय म्हणून बसायचं.

बाकी शेजारच्या सहा एपीवाल्याबद्दल, प्रत्येक कॉलनीत तो एक असतोच. आमच्याकडचा आठवाला होता.

ह्यूस्टनचा_भाऊ

इथलं गणित थोडं वेगळं आहे, तरी लिहितो कारण लोक सगळ्या अमेरिकेला एकच सल्ला देत सुटतात.

टेक्ससमधे क्लास रँक हा मोठा राक्षस आहे. १९९७ च्या कायद्याने पहिल्या १० टक्क्यांतल्या मुलांना सरकारी युनिव्हर्सिटीत आपोआप प्रवेश, पण ऑस्टिनच्या यूटीला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस) एवढी गर्दी झाली की तिथला आकडा खाली खाली येत ६ टक्क्यांवर आला आणि २०२६ च्या फॉलपासून ५. आता एपीला जीपीएत (मार्कांच्या सरासरीत) जादा वजन, म्हणून इथे पोरं एपी घेतात ती विषयासाठी नाही, रँकसाठी. माझ्या मुलीने बँड आवडत असून एक वर्ष विचार केला की बँडच्या तासाला साधं वजन मिळतं, तो घेतला तर रँक घसरेल. म्हणजे ट्रम्पेट वाजवल्याचा दंड! शेवटी घेतला बँड. रँक आठ की नऊ नंबरांनी खाली आला आणि कुणी मेलं नाही.

पण इथली एक गोष्ट मात्र चांगली आहे. यूआयएल म्हणून जी राज्याची संस्था खेळ बँड वगैरे बघते तिचा नियम आहे, शाळेच्या आठवड्यात शाळेच्या वेळेबाहेर एका अॅक्टिव्हिटीला जास्तीत जास्त ८ तास प्रॅक्टिस. कोच लोक त्यातून वाटा काढतात हा भाग वेगळा, पण निदान तक्रार करायला एक आकडा आहे. आणि १९८४ पासूनचं "नो पास नो प्ले", एका विषयात नापास की तीन आठवडे मॅच बंद. एपीसारख्या वरच्या कोर्सला त्यातून सवलत मिळू शकते, पण ते आधी शाळेत विचारून ठेवावं, नंतर नाही.

सांगायचा मुद्दा, ताई, तुमच्या शाळेत रँक छापतात का हे आधी बघा. नसतील छापत तर पाचवा एपी कुणासाठी घेताय?

बे_एरियाकर

वरच्या काकांना पुस्ती. कॅलिफोर्नियाच्या यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) कॉलेजांत अर्ज करायचा असेल तर त्यांचं स्वतःचं जीपीएचं गणित आहे. दहावी अकरावीचेच मार्क धरतात आणि एपी ऑनर्सचा जादा पॉइंट जास्तीत जास्त ८ सेमिस्टरना, त्यातही दहावीचे ४ पेक्षा जास्त नाहीत. म्हणजे वर्षभराचे चार कोर्स झाले की जीपीएला पुढे एकही जादा पॉइंट नाही. बघतात सगळे कोर्स, पण आकडा वाढत नाही.

आणि ७:२० ला शाळा म्हणजे अत्याचार आहे. आमच्याकडे २०२२ पासून कायद्याने हायस्कूल ८:३० च्या आधी सुरू करता येत नाही (काही ग्रामीण शाळा सोडून). पोरांच्या डॉक्टरांची अमेरिकन संघटना २०१४ पासून हेच सांगत होती. फायदा झाला का? झाला. आमचा आता एक तास उशिरा झोपतो 😀 आणि प्रॅक्टिस पण तेवढीच पुढे सरकली, हिवाळ्यात अंधारात पळतात.

फळा_आणि_खडू

मी व्हर्जिनियात पब्लिक हायस्कूलमधे फिजिक्स शिकवते, एपी पण, म्हणून जरा लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

पहिली गोष्ट, पाच एपी हा आकडा काही सांगत नाही. कुठले पाच ते महत्त्वाचं. तुमच्या यादीतले यूएस हिस्टरी (पोरं एपुश म्हणतात) आणि लँग (इंग्लिश लँग्वेज) हे दोन्ही वाचन लेखनाचे. हिस्टरीत आठवड्याला जाडजूड प्रकरण आणि वर डीबीक्यू, म्हणजे सात कागदपत्रं देतात आणि त्यावरून बाजू मांडायची. लँगमधे तीन प्रकारचे निबंध. दोन्हींचं ओझं एकाच वेळी येतं, ऑक्टोबर आणि मार्चमधे. लिहायला ज्याला वेळ लागतो त्या मुलाला ही जोडी जड जाते. ज्याला सहज लिहिता येतं त्याला उलट एकमेकांची मदत होते. तुमची लेक कुठल्या गटातली ते तिच्या इंग्लिशच्या टीचरला विचारा, काउन्सेलरला नको, त्यांच्याकडे शेकडो मुलं असतात.

बीसी आणि फिजिक्स १ एकत्र चालतं. फिजिक्स १ मधे कॅल्क्युलस लागत नाही. पण या विषयाला "बेसिक" समजून येणारी मुलं माझ्याकडे दरवर्षी पहिल्या टेस्टला रडतात, कारण त्यात आकडेमोड कमी आणि "का ते शब्दांत सांगा" जास्त असतं. २०२४ पासून फ्लुइड्स पण यात आलंय, आधी ते फिजिक्स २ मधे होतं. आणि लॅब रिपोर्ट, ज्यावरून तुमची पोळी थंड झाली, ते पुढच्या वर्षी जास्त होणार, कमी नाही.

आता कॉम्प्युटर सायन्स ए. हा कोर्स जावा भाषेवर आहे. ती रोबोटिक्समधे कोडिंग करते का? बऱ्याच टीम्सचा रोबो जावातच लिहिलेला असतो. तसं असेल तर वर्गात बसून तिला अर्धं आधीच येत असेल. हा कोर्स न घेताही मे महिन्यातली परीक्षा देता येते, फक्त ऑर्डर साधारण १५ नोव्हेंबरच्या आत शाळेमार्फत गेली पाहिजे, नंतर ४० डॉलर जास्त. किंवा बारावीत घ्या. किंवा घेऊच नका. पाचातला सगळ्यात सहज सुटणारा हाच आहे.

दुसरं, झोप. तेरा ते अठरा वयाला ८ ते १० तास लागतात असं झोपेचे डॉक्टर सांगतात. तुमच्या हिशेबाने ती सहाला उठते आणि बाराला टेबलावर असते. मी हे वर्गात रोज बघते, माझ्या चौथ्या तासाला तिसऱ्या रांगेत एक मुलगा असतो, हुशार, कोपर टेबलावर, हात गालाला, पेन्सिल वहीवर टेकलेली आणि पेन्सिलीची रेघ हळूहळू खाली घसरत वहीबाहेर जाते. त्या वहीवर मी ग्रेड देते. ती ग्रेड फिजिक्सची नसते हो, झोपेची असते.

तिसरं, कॉमन अॅपमधे (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच अर्ज) अॅक्टिव्हिटीजना दहा जागा आहेत आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं. शब्द नाही, अक्षरं. आठवड्याला किती तास आणि वर्षात किती आठवडे ते पण विचारतात. दहा भरायलाच पाहिजेत असं कुठेही नाही. आणि त्यात घरच्या जबाबदाऱ्या असा प्रकार सुद्धा आहे, धाकट्या भावाला सांभाळणं, आजीला डॉक्टरकडे नेणं, हे आपली माणसं कधी लिहीतच नाहीत, वाटतं हे काय सांगायचं. मराठी शाळेतली मदत नक्की लिहा. आणि तुमच्याकडे सील ऑफ बायलिटरसी (दोन भाषा येतात याचा शाळेचा शिक्का) मिळतं, मराठीची परीक्षा देऊन ते घेता येईल का बघा, तिला फार वेगळा अभ्यास करावा लागणार नाही.

एक शेवटचं, जरा आगाऊपणाने विचारते. तुमच्या पोस्टमधे शाळेचं मत आहे, नवऱ्याचं आहे, काउन्सेलरचं आहे, तुमचं आहे, शेजारच्या मुलाचं सुद्धा आहे. तिचं कुठंय?

गोदाकाठ

नाशिकहून वाचतोय. आमचा पुतण्या अकरावीत आहे, कॉलेजात नाव आहे पण जातो क्लासला, सकाळी सात ते संध्याकाळी सात जेईई. दहावीपर्यंत जिल्हा पातळीवर कबड्डी खेळला, खेळाचे ग्रेस मार्क पण मिळाले, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी बूट माळ्यावर. कुणी सोड म्हटलंच नाही त्याला, कुणी विचारलंच नाही. तुमच्याकडे निदान काय सोडायचं यावर चर्चा तरी होते. भांडण लावायला लिहीत नाहीये, आपलं सहज.

चहाबिस्किट

@गोदाकाठ बूट माळ्यावर वाचून कसंतरीच झालं.

अर्धीमुर्धी_मराठी

हाय, मी आता कॉलेजमधे सेकंड इयर आहे, इंडियानामधे. आईने मला ही लिंक पाठवली आणि म्हणाली "तू लिही". माझं मराठी लिहायचं थोडं कच्चं आहे, सांभाळून घ्या, मी मराठी शाळेत सहावीपर्यंत गेले मग टेनिसमुळे सोडलं.

मी ज्युनियर इयरला (म्हणजे अकरावीत) सहा एपी घेतले होते. कुणी फोर्स नव्हतं केलं. माझे सगळे फ्रेंड्स घेत होते आणि न घेणं म्हणजे मी डंब आहे असं मला वाटायचं. प्लस टेनिस, प्लस सायन्स ऑलिंपियाड, प्लस तीन क्लब ज्यात मी फक्त ग्रुप चॅटमधे होते आणि इयरबुकच्या फोटोला जायचे. त्यातल्या एका क्लबची मी व्हाइस प्रेसिडेंट होते आणि मला आज पण माहीत नाही तो क्लब काय करत होता. कॉमन अॅप भरताना त्याला १५० कॅरेक्टर्स लिहायचे तर मी २० मिनिटं बघत बसले. टेनिसला मात्र १५० पुरले नाहीत.

मे मधे दोन आठवडे एपी एक्झाम असतात ते सगळ्यांना माहीत असतं, पण स्प्रिंग स्पोर्टचे मोठे मीट पण मे मधेच असतात हे कोणी फॉर्म भरताना विचार करत नाही. मी एक एक्झाम देऊन तशीच टेनिस कोर्टवर गेले होते, कपडे गाडीत बदलले. पहिला सेट ६-० हरले. दुसरा पण हरले पण ६-४ 🙂

आणि आंटी, रागवू नका, तुम्ही लिहिलंय की ऑलिंपिकला कुठे जायचंय. माझी आई हेच बोलायची. मला पण माहीत होतं की नाही जायचं. पण त्या टायमाला दिवसात तेच दोन तास होते जेव्हा मला कोणी काही विचारत नव्हतं. घरी आलं की आई विचारायची "झालं का?" आणि मला कळायचं नाही की काय झालं का, कारण काहीच कधी पूर्ण होत नव्हतं. टेनिसमधे निदान मॅच संपते.

माझे सहामधले चार एपीचे क्रेडिट कॉलेजने घेतले, दोनचे नाही घेतले कारण स्कोअर ३ आला, इथे माझ्या मेजरला ४ लागतो. ज्या दोनचा ३ आला ते दोन मी फक्त नंबर वाढवायला घेतले होते.

टॉर्क_मामा

रोबोटिक्सच्या टीमला पाच वर्षं मेंटर आहे (न्यू जर्सीतच, पण बहुतेक तुमची टीम नाही) म्हणून आतली गोष्ट सांगतो. जानेवारीच्या सुरुवातीला किकऑफ होतो, त्या दिवशी गेम कळतो आणि तिथून घोडा सुटतो. पूर्वी बरं होतं, साधारण सहा आठवडे झाले की रोबो मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सील करायचा, स्पर्धेपर्यंत हात लावायचा नाही. सगळे घरी जायचे, झोपायचे. २०२० पासून तो नियम काढला. काढताना हेतू चांगला होता, शेवटच्या रात्रीची जागरणं कमी होतील असा. झालं काय, आता सीझनला ब्रेकच नाही. जानेवारी ते थेट एप्रिल, डिस्ट्रिक्टच्या स्पर्धा मग लीहाय युनिव्हर्सिटीला चँपियनशिप मग नशीब असेल तर ह्यूस्टनची जागतिक स्पर्धा. जिंकत गेलात तर अजून काम. आणि हे सगळं अगदी विंटर ट्रॅक संपून स्प्रिंग ट्रॅक सुरू होतो त्याच काळात. म्हणजे तुमच्या मुलीचा फेब्रुवारी मार्च दरवर्षी असाच असणार, तो वाईट आठवडा नव्हता, तेच वेळापत्रक आहे.

आमच्या टीममधे आम्ही शेवटी ठरवलं की लीड आणि मेंबर वेगळे. लीडला रोज यावं लागतं. मेंबरने आठवड्यातून दोनदा यावं, हातातलं काम करावं, घरी जावं, त्याच्याकडे कुणी वाकड्या नजरेने बघायचं नाही. ते वाकडं बघणं थांबवायला एक वर्ष लागलं, रोबो बनवणं सोपं होतं त्यापेक्षा. तुमच्या मेंटरला विचारा असं काही करता येईल का. पण मुलीने विचारावं, तुम्ही नाही. आईवडिलांचा ईमेल आला की आमच्यातले अर्धे मेंटर तो तीन दिवस उघडत नाहीत, मी धरून.

पार्किंगलॉटवाली_आई

उशिरा उत्तर देतेय, आठवडा झाला. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एकेक पोस्ट दोनदोनदा वाचली. @फळा_आणि_खडू तुमचा शेवटचा प्रश्न वाचून आधी राग आला आणि मग भांडी घासताना लाज वाटली.

तर झालं असं. शनिवारी तिला रोबोटिक्सला सोडायच्या ऐवजी मी म्हटलं आज नको जाऊस, आपण होल्मडेल पार्कला जाऊ. क्रॉस कंट्रीवाल्यांना माहीत असेल, तिथला कोर्स, त्यात एक मोठा खड्ड्यासारखा भाग आहे ज्याला ही पोरं "द बोल" म्हणतात, उतरायचं आणि परत वर चढायचं. फॉलमधे मी तिथे वर खुर्ची टाकून बसलेली असते, थर्मासमधून चहा पीत, आणि खालून दोनशे पोरी वर येताना दिसतात, चेहरे लाल. इतक्या वेळा बसलेय पण खाली कधी उतरले नव्हते. यावेळी दोघी चालत उतरलो. बर्फ अर्धवट वितळलेला, चिखल. वर येताना मला तीनदा थांबावं लागलं, आणि ती माझ्यासाठी थांबली, नुसती थांबली नाही, मागे येऊन माझा हात धरून म्हणाली "आई वर बघू नकोस, पुढच्या दहा पावलांकडे बघ". हे तिला कोचने सांगितलंय की तिचं स्वतःचं ते मी विचारलं नाही.

वर आल्यावर बाकावर बसून विचारलं, एवढंच की फॉर्म तू एकटीनेच भरायचा असता तर काय भरला असतास. तिने बॅगेतून फोन काढून दाखवलं, नोट्समधे लिहूनच ठेवलं होतं! तारीख जानेवारीची. म्हणजे महिनाभर तिच्याकडे उत्तर होतं आणि आम्ही तीन मोठी माणसं त्यावर मीटिंगा घेत होतो.

तिची यादी. कॉम्प्युटर सायन्सचा एपी नको ("आई मी तेच लिहिते रोज रोबोसाठी"). बाकी चार ठेवायचे, हिस्टरी सुद्धा, तो तिला आवडतो हे मला माहीतच नव्हतं, मी समजत होते तोच जड जाणार. ट्रॅक तिन्ही सीझन ठेवायचा. आणि पुढच्या वर्षी प्रोग्रॅमिंग लीड व्हायचं सगळ्यांनी गृहीत धरलंय ते नको, नुसतं मेंबर. हे ऐकून मी गप्पच झाले, कारण मी नेमकं उलटं धरून बसले होते. मी म्हटलं लीड असलं तर कॉलेजला चांगलं दिसतं ना. तर म्हणाली "चांगलं दिसतं, पण मला कोड लिहायला आवडतो, बाकीच्यांना कोड लिहायला लावायला नाही आवडत." यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. माझ्या ऑफिसात मॅनेजर झाल्यापासून मी हेच वाक्य शोधत होते खरं तर.

नवऱ्याला सांगितलं. तो आधी "चारच?" म्हणाला. मग त्याला @बे_एरियाकर यांचा ८ सेमिस्टरचा हिशेब दाखवला. आम्ही यूसीला अर्ज करणार नाही, तरी आकडे दिसले की तो शांत होतो, इंजिनियर आहे. आता म्हणतोय सीएसची परीक्षा तरी नुसती देऊन टाकू दे, १५ नोव्हेंबरची तारीख त्याने कॅलेंडरवर टाकून पण ठेवलीय. देईल किंवा नाही देणार, बघू.

फ्रिजवर कागद पण लावलाय @चहाबिस्किट. पहिल्याच दिवशी त्यात "आई पार्किंगमधे फोनवर बोलत होती म्हणून गाडीत बसून राहिले, २५ मि." असं लिहिलंय. म्हणजे ही लेकीची वाट बघण्याची यादी आहे की माझ्याविरुद्धचा पुरावा!

अजून मेंटरला ईमेल जायचा आहे. ती म्हणते मी लिहिते, ड्राफ्ट चार दिवस तसाच पडलाय. मी विचारत नाहीये. फार जिवावर येतंय न विचारणं.

टॉर्क_मामा

नका विचारू. मेंटरांना अशा ईमेलचा राग येत नाही हे तिला माहीत नसेल, एवढंच कुणाकडून तरी तिच्या कानावर घाला. माझ्याकडे मागच्या वर्षी असाच एक आला होता, सब्जेक्ट लाइनमधे तीनदा सॉरी. त्याच मुलाने या वर्षी आठवड्यातून दोनदा येऊन आमचा ऑटोनॉमसचा (रोबो स्वतःहून चालतो तो) सगळ्यात अवघड भाग लिहिलाय.

फळा_आणि_खडू

अजून एक कामाची गोष्ट, ऑगस्टमधे शाळा सुरू व्हायच्या आधी किंवा सुरुवातीच्या दिवसांत कोर्स बदलता येतो, नंतर सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर (मार्कांच्या अधिकृत नोंदीवर) खूण राहू शकते, तुमच्या शाळेची तारीख काय आहे ती आत्ताच विचारून ठेवा. आणि चौघांपैकी एखादा जड झाला तर सप्टेंबरमधेच बोलायचं असं तिच्याशी आधी ठरवा. माझ्याकडे पोरं डिसेंबरमधे येतात, डोळे सुजलेले घेऊन, तेव्हा माझ्या हातात काही नसतं.

अर्धीमुर्धी_मराठी

आंटी, बोल चढलात?! मी त्याच कोर्सवर मिडल स्कूलला एकदा पळाले होते आणि अर्ध्यात चालायला लागले होते. तुमच्या मुलीला माझ्याकडून हाय सांगा.

पार्किंगलॉटवाली_आई

सांगते. आत्ताच आत आली, शूज गाडीतच विसरलीय, चिखलासकट, माझ्या सीटखाली. ईमेल गेला म्हणाली. आणि पोळी गरम आहे का विचारतेय, उठते.